फुलब्राइट टीईए रिव्ह्यू: जि.प. हायस्कूलच्या शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा अमेरिकेचा कार्यक्रम कसा आहे

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पूर्ण वाचायची गरज नाही. माझ्याकडून पाच पैकी साडेचार. हायस्कूलला विज्ञान, गणित, इंग्रजी, सामाजिक शास्त्र शिकवत असाल किंवा दिव्यांग मुलांना शिकवत असाल आणि पाच वर्षं नोकरी झाली असेल तं अर्ज कराच. शाळा कोणती, माध्यम कोणतं, गाव किती आत आहे हे मनात आणू नका. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलवर विज्ञान शिकवते, पांढरकवड्याहून टिपेश्वरच्या अंगाला आत जावं लागते, माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं, बी.एड. पण मराठीतूनच, आणि मी जाऊन आली.

लिहायचं कारण असं की शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, मी याच्यावर बोलली तेव्हा आमच्या केंद्रातल्या बऱ्याच जणांना अशी काही योजना असते हेच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना वाटत होतं की हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या फीच्या शाळांसाठी असते. डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, परितेवाडीसारख्या सोलापूर जिल्ह्यातल्या लहानशा जि.प. शाळेचा शिक्षक जगात पहिला येते, दहा लाख डॉलरपैकी अर्धे बाकीच्या नऊ फायनलिस्टांमध्ये वाटून टाकते, हे पाहून छाती फुगली सगळ्यांची. पण त्याच्यानंतर आपल्यापैकी कोणी असा अर्ज भरून पाहिला का, तं नाही. बक्षीस एकालाच मिळते हो, पण शिकायला जायच्या जागा दरवर्षी असतात आणि त्या भरतातच, कोणाच्या तरी.

आता हे आहे काय ते. पूर्ण नाव फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट प्रोग्राम, टीईए म्हणतात. पैसा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा, तिकडचं चालवायचं काम आयरेक्स नावाची संस्था करते, आणि आपल्याकडे दिल्लीचं युसिफ, म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन, अर्ज आणि निवड पाहते. फुलब्राइट हे अर्कान्सासच्या एका सिनेटरचं नाव, दुसऱ्या महायुद्धानंतर बाहेरदेशात पडून असलेलं लष्करी सामान विकून जो पैसा येईल तो शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या देवाणघेवाणीत घालावा असा कायदा त्यांनी 1946 मध्ये करून घेतला. भारताशी करार 2 फेब्रुवारी 1950 ला झाला, नेहरूंची सही आहे त्याच्यावर. म्हणजे कोणाची तरी कालपरवा सुरू झालेली स्कीम नाही ही, हे मी मुद्दाम सांगून राहिली, कारण घरच्यांना पहिला प्रश्न हाच पडते की खरं आहे ना, फसवणूक तं नाही. माझ्या सासऱ्यांनी पण हेच विचारलं होतं.

खर्च आपला नाही. विमानाचं तिकीट, राहणं, युनिव्हर्सिटीची फी, आजारपणाचा आणि अपघाताचा विमा, रोजच्या खर्चाचा भत्ता, पुस्तकांसाठी वेगळे पैसे, सगळं तेच देतात. अर्जाला फी नाही. विसाची फी पण लागली नाही, कारण तिकडच्या सरकारच्या पैशावर जाणाऱ्यांना ती माफ असते. माझा खर्च म्हणजे पासपोर्टची फी, नागपूरच्या चकरा, एक चांगली बॅग आणि थंडीचे कपडे.

अर्जात खरं काम निबंधांचं आहे. तुमच्या वर्गाची अडचण काय, तुम्ही त्याच्यावर आतापर्यंत काय केलं, तिथून शिकून आल्यावर शाळेत आणि गावात काय करणार, असं विचारतात. इथे आपल्या लोकांची सवय आड येते, आपण लगेच "राष्ट्रउभारणीत शिक्षकाचे योगदान" सुरू करतो. तसं नका लिहू. मी लिहिलं होतं की आमच्या शाळेत पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, कोलाम मुलं येतात, घरी कोलामी बोलतात, सातवीपर्यंत कशीतरी मराठी वाचतात आणि नववीत प्रकाशसंश्लेषण आलं की गप्प होतात, नापास होण्याच्या आधी गप्प होतात, आणि मग कापूस वेचणीच्या दिवसात जी जातात ती परत येत नाहीत. कोणत्या धड्याला गप्प होतात, मी काय करून पाहिलं, कशानं फरक पडला आणि कशानं नाही, एवढंच. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर, हे एका ओळीत सांगितलं. इंग्रजी साधंच होतं माझं, लहान लहान वाक्यं. व्याकरण आमच्या इंग्रजीच्या सरांनी पाहून दिलं पण मजकुराला हात लावू दिला नाही मी त्यांना.

शिफारसपत्राचं पण तसंच. मुख्याध्यापक सरांनी आधी जे लिहिलं ते आपण सगळे लिहितो तसं होतं, कर्तव्यदक्ष, प्रामाणिक, मनमिळाऊ. मी त्यांना म्हटलं सर, असं नका लिहू, मी सूक्ष्मदर्शकाचा तास झाडाखाली घेतला होता ना ते लिहा, ती मुलगी परत शाळेत आली होती ते लिहा. लिहिलं त्यांनी, मनापासून लिहिलं. टोफेल द्यावी लागते, इंग्रजीची परीक्षा, तिची धास्ती बऱ्याच जणांना आहे, पण पीएच.डी.ला जाणाऱ्यांना लागते तेवढे मार्क इथे लागत नाहीत. ऐकण्याचा भाग कठीण जाते आपल्याला, कारण आपल्या कानावर तो उच्चारच पडत नाही. रोज थोडं रेडिओवर नाहीतर यूट्यूबवर इंग्रजी बातम्या ऐकायची सवय लावली तं होते.

आता रजा. जास्तीत जास्त लोक इथेच थांबतात, म्हणून हे नीट वाचा. सरकारी नोकरी असल्यावर पासपोर्टसाठी खात्याची एनओसी लागते असा समज आहे, पण नुसतं प्रायर इंटिमेशन लेटर, म्हणजे मी पासपोर्ट काढून राहिली असं कार्यालयाला आधी कळवल्याचं पत्र, एवढ्यावर पण पासपोर्ट निघते. पत्र आवकमध्ये द्या, शिक्क्याची पोच घ्या, झालं. 2017 पासून पोस्टात पण पासपोर्ट केंद्रं सुरू झाली आहेत, जवळ असेल तं तिथे जा, नाहीतर नागपूर. पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटर, चव्वेचाळीस नंबरच्या हायवेनं सकाळच्या एस.टी.नं जाऊन संध्याकाळी परत होते.

पासपोर्टचं झालं तरी बाहेरदेशात जायची परवानगी वेगळी आणि रजा वेगळी, हे दोन अर्ज आहेत, एक दिला की दुसरा आपोआप होते असं नाही. आपण सुट्ट्यावाले कर्मचारी, अर्जित रजा आपल्या खात्यावर फारशी नसते. माझी फाइल एका टेबलावर किती दिवस पडून होती ते सांगत नाही, कार्यालयाचं नाव पण सांगत नाही, पण तिथल्या एका बाबूनं मला विचारलं, "मॅडम, कायले जाऊन राहिल्या, इथं काय कमी आहे?" मी त्यांना निवडपत्र दाखवलं, कार्यक्रमाचं वेळापत्रक मराठीत करून दिलं, माझ्या तासांची जबाबदारी कोण घेणार त्याचं शाळेचं पत्र जोडलं, आणि मग फाइल हलली. म्हणून सांगते, मराठीत एक पानाचा सारांश जोडाच. वरच्या साहेबांसमोर फाइल जाते तेव्हा इंग्रजीची वीस पानं कोणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या कागदावर कोणी सही करत नाही, त्यांची पण चूक नाही.

आणखी एक, बॅच कोणती मिळते त्याच्यावर खूप अवलंबून आहे. वर्षाच्या सुरुवातीची बॅच असेल तं दहावीचं बोर्ड अंगावर येते, विज्ञानाच्या शिक्षकाला फेब्रुवारीत सोडा म्हणणं मला पण बरोबर वाटत नाही. सप्टेंबरनंतरची बॅच मिळाली तं दिवाळीची सुट्टी त्यात धरता येते, रजा कमी लागते, मुलांचं नुकसान कमी होते. मला सप्टेंबरनंतरची मिळाली हे माझं नशीब. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी जादा तास घेऊन दहावीचे धडे पुढे काढून ठेवले होते.

विसाचं फार काही नाही. विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई, बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत, काय शिकवता, परत आल्यावर काय करणार, एवढंच विचारलं. जे-1 विसा असते आणि त्याच्यावर दोन वर्षांची अट असते, म्हणजे परत येऊन दोन वर्षं आपल्या देशात राहिल्याशिवाय तिकडच्या नोकरीचा विसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. काही जणांना ही अट जाचक वाटते. मला ती या पूर्ण योजनेतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. शिक्षकाला तिकडे ठेवून घ्यायला बोलावत नाहीत, शिकून परत त्याच वर्गात उभं राहायला बोलावतात, आणि हे पहिल्याच कागदावर लिहून देतात.

कार्यक्रम सहा आठवड्यांचा. माझी युनिव्हर्सिटी मधल्या राज्यांपैकी एका राज्यात होती, चारही बाजूला मक्याची शेतं, आम्ही गेलो तेव्हा कापणी चालू होती, मैलोन्मैल शेतात एक माणूस आणि एक मशीन. आमच्या गटात आफ्रिकेतले, दक्षिण अमेरिकेतले, मध्य आशियातले शिक्षक होते. सकाळी युनिव्हर्सिटीत वर्ग, पाठ कसा आखायचा, मूल्यमापन कसं करायचं, तंत्रज्ञान कुठे वापरायचं आणि कुठे नाही, खोट्या बातम्या मुलांना ओळखायला कशा शिकवायच्या. यातलं काही नवीन होतं, काही आपण निष्ठा नावाच्या सरकारी शिक्षक प्रशिक्षणात ऐकलेलं होतं. पण फरक असा की ऐकलेलं दुसऱ्या दिवशी करून दाखवावं लागायचं, आणि शिकवून झालं की बाकीचे शिक्षक समोर बसून सांगायचे काय जमलं नाही. पेरू देशातली एक बाई होती, तिनं माझ्या पाठाच्या वेळी घड्याळ लावून मोजलं की मी किती बोलली आणि मुलं किती बोलली. ते आकडे पाहून मी रात्री खूप वेळ विचार करत बसली.

आणि आता ज्याच्यासाठी मी साडेचार दिले ते. या कार्यक्रमात कमीत कमी चाळीस तास तिकडच्या एका खऱ्या शाळेत, एका शिक्षकाबरोबर, त्याच्या वर्गात घालवायचे असतात. पाहुणे म्हणून फिरायचं नाही, फोटो काढून निघायचं नाही, तोच शिक्षक, तीच मुलं, पुन्हा पुन्हा. माझी जोडी नववीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंशी होती. तिकडे शिक्षक आपल्या खोलीतच राहतात आणि मुलं तासातासाला खोल्या बदलतात, त्यामुळे विज्ञानाची खोली विज्ञानाचीच, भिंती, कपाटं, बेसिन, सगळं. हे पाहून हेवा वाटला, खोटं कायले बोलू. पण दोनचार दिवसांनी त्याची नवलाई संपते आणि मग खरं दिसायला लागते.

त्या वर्गात स्पॅनिश बोलणारी मुलं होती, आईवडील मांस पॅक करायच्या कारखान्यात कामाला. त्यांच्यासाठी दुसऱ्या एक बाई त्याच तासाला वर्गात यायच्या, मुलांना बाहेर नाही काढायच्या, त्याच वर्गात त्यांच्याजवळ बसायच्या. धड्यातले दहाबारा शब्द आधीच भिंतीवर चित्रासकट लावलेले, मुलांना अर्धं वाक्य दिलेलं असायचं आणि पुढचं त्यांनी पूर्ण करायचं, आधी आपसात आपल्या भाषेत बोलायची परवानगी, मग इंग्रजीत सांगायचं. मी विचारलं की हे तुम्ही चांगल्या मनानं करता की करावंच लागते. त्या म्हणाल्या, करावंच लागते, कायदा आहे. मग मी लायब्ररीत जाऊन वाचलं. 1974 साली तिकडच्या सुप्रीम कोर्टात लाऊ विरुद्ध निकोल्स म्हणून केस झाली, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी बोलणाऱ्या मुलांची, आणि कोर्टानं सांगितलं की ज्या मुलाला शिकवायची भाषाच समजत नाही त्याला बाकीच्यांसारखंच पुस्तक आणि तोच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही. हे वाचलं आणि माझ्यासमोर आमच्या पोडावरची पोट्टी आली, शेवटच्या बाकावरची. आपल्या आरटीई कायद्यात पण 29 व्या कलमात लिहिलं आहे की शिकवण्याचं माध्यम शक्य तेवढं मुलाची मातृभाषा असावं. लिहिलं तं आपल्याकडे पण आहे. पण त्या शाळेत त्या ओळीसाठी एक पगारी माणूस वर्गात येऊन बसत होता.

दिव्यांग मुलांचं तसंच, 1975 च्या कायद्यापासून अशा प्रत्येक मुलाचा वेगळा लेखी आराखडा असते, त्यात या वर्षी हे मूल काय शिकणार आणि त्याला कोणती मदत मिळणार ते असते, आईवडील त्या बैठकीला हजर असतात. अशी एक बैठक आईच्या परवानगीनं मला पाहायला मिळाली. आई एका दुकानात कामाला होती, कामाच्या कपड्यातच आली होती, आणि चार शिक्षक तिच्यासमोर बसून तिचं म्हणणं लिहून घेत होते.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोर एकदा लॉकडाउन ड्रिल झाली. घोषणा झाली, बाईंनी दार आतून लावलं, लाइट बंद केले, पडदे ओढले, आणि नववीची सगळी मुलं कोपऱ्यात खाली बसली, एकमेकांना चिकटून, न बोलता. बंदूक घेऊन कोणी शाळेत घुसलं तं काय करायचं याचा सराव होता तो. मुलांना सवय होती. मला नव्हती, माझे हात थरथरत होते, बाईंनी माझा हात धरून ठेवला होता. आमच्याकडे वाघ निघाला तं शाळा लवकर सोडतो आम्ही, टिपेश्वरच्या भागात ते होते, पण मुलांनी माणसापासून असं लपायला शिकावं हे मी विसरू शकत नाही. शिक्षकांचे हाल पण पाहिले, संध्याकाळी दुसरी नोकरी करणारे होते. ज्यांना वाटते की तिकडे सगळं सोनं आहे त्यांनी हा कार्यक्रम जरूर करावा, शाळेच्या आतून देश वेगळा दिसते.

दुपारचं जेवण शाळेतच असायचं, गरीब घरच्या मुलांना फुकट किंवा कमी पैशात. मी तिथल्या शिक्षकांना आपल्या खिचडीबद्दल सांगितलं, 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची योजना सुरू झाली, आणि आता करोडो पोरं जेवतात म्हटलं, तं त्यांना विश्वास बसेना की सगळ्यांना फुकट, कागद न विचारता. त्यांनी माझ्याकडून पूर्ण माहिती लिहून घेतली. आपल्याकडे पण दाखवण्यासारखं असते, हे तिथे गेल्यावर समजते. खाण्यापिण्याचं विचाराल तं खोल्यांना स्वयंपाकघर होतं, मी तूरडाळ, बेसन आणि आपलं तिखट नेलं होतं, एका रविवारी सगळ्या गटासाठी गोळाभात केला, वरून हिंगाची फोडणी. केनियाच्या मॅडमनी तीनदा वाढून घेतला.

परत आल्यावर काय केलं, कारण खरी परीक्षा तीच. भिंतीवरचे शब्द आता माझ्या वर्गात पण आहेत, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, मराठी आणि कोलामी, कोलामी शब्द मुलं आपल्या आजीला विचारून आणतात. तासाला आधी दोनदोन मुलं आपसात बोलतात, कोणत्या भाषेत बोलायचं ते त्यांनी ठरवायचं. तास संपताना प्रत्येकानं एका चिठ्ठीवर एक ओळ लिहायची, आज काय समजलं किंवा काय नाही समजलं, त्या चिठ्ठ्या पाहून मी दुसऱ्या दिवशीचा तास ठरवते. याला पैसा लागत नाही. जी पोट्टी वर्षभर तोंड उघडत नव्हती तिनं चिठ्ठीवर लिहिलं की झाड रात्री काय खाते. मी त्या प्रश्नावर पूर्ण एक तास घेतला.

आता अर्धा स्टार का कापला. पहिलं, सहा आठवडे कमी आहेत, पहिला आठवडा झोपेचं घड्याळ जागेवर यायलाच जाते आणि शाळेत जीव रमायला लागला की निघायची वेळ येते. दुसरं, सगळी माहिती इंग्रजीत, वेबसाइट इंग्रजीत, जाहिरात इंग्रजीत. ज्या शिक्षकाला याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत ती बातमी पोचतच नाही, डायटनं (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था) किंवा तालुक्याच्या गटसाधन केंद्रानं एक मराठी परिपत्रक काढलं तरी खूप होईल. तिसरं, पूर्ण योजना तिकडच्या सरकारच्या पैशावर उभी आहे, 2025 च्या फेब्रुवारीत त्यांनी अशा देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांचे पैसे काही काळ थांबवले होते, त्यामुळे अर्ज करायच्या आधी त्या वर्षीची जाहिरात युसिफच्या वेबसाइटवर पाहूनच कामाला लागा. आणि परत आलेल्या शिक्षकाचं काय करायचं हे आपल्या खात्याकडे ठरलेलं नाही, हा दोष कार्यक्रमाचा नाही म्हणून त्याचे मार्क मी कापले नाहीत, पण सेवापुस्तकात एक नोंद आणि तालुक्यात एक प्रशिक्षणाचा दिवस एवढं तं व्हायला पाहिजे ना.

प्राथमिकच्या शिक्षकांनी नाराज होऊ नये, त्यांच्यासाठी फुलब्राइटचाच दुसरा कार्यक्रम आहे, डिस्टिंग्विश्ड अवॉर्ड्स इन टीचिंग, त्यात पहिलीपासूनचे शिक्षक चालतात, एक सेमिस्टर युनिव्हर्सिटीत राहून आपण निवडलेल्या प्रश्नावर काम करायचं असते. रजा मोठी लागते, पण मी जर प्राथमिकला असती तं त्यालाच अर्ज केला असता. जपान सरकारची पण टीचर ट्रेनिंग स्कॉलरशिप आहे, दीड वर्षाची, पहिले सहा महिने जपानी शिकवतात, दरमहा 1,43,000 येन मिळतात, पण वय पस्तिसच्या आत आणि पाच वर्षांचा अनुभव पाहिजे. आपल्याकडे 2012 नंतर भरती बंद होती, मग 2017 ची शिक्षक भरतीची अभियोग्यता परीक्षा, मग थेट 2023 ची, आणि आधी 3 वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावर. या हिशोबानं अनुभव पूर्ण होईपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांचं वय निघून जाते. म्हणून जे आता लहान वयात लागले आहेत त्यांनी हे आजच डोक्यात ठेवा, नंतर उपयोग नाही.

आणि ज्यांना घर सोडून जाता येत नाही, लहान लेकरं आहेत, म्हातारे आईवडील आहेत, त्यांनी आयअर्न पाहावं. 1988 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा जोडून हे सुरू झालं, जगभरातल्या शाळा मिळून प्रोजेक्ट करतात. त्यातलं कार्ड एक्सचेंज मला सगळ्यात आवडते, मुलं हातानं कार्डं काढतात आणि खरोखर पोस्टानं दुसऱ्या देशातल्या शाळांना पाठवतात. आमच्या मुलांनी तान्ह्या पोळ्याची कार्डं काढली होती, लाकडी बैल, गळ्यात घंटा, आणि उलट तिकडून बर्फाची कार्डं आली, पोस्टमन काका ती द्यायला वर्गापर्यंत आले.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. व्हॉट्सॲपवर येते ना, "आंतरराष्ट्रीय आदर्श शिक्षक पुरस्कार, दुबई, थायलंड, चार दिवस, सन्मानचिन्ह, नोंदणी शुल्क इतके हजार". त्यात ना शाळा असते ना वर्ग, हॉटेलच्या हॉलमध्ये एक ट्रॉफी आणि मग शॉपिंग. आमच्या ओळखीच्या एका सरांनी सोसायटीचं कर्ज काढून दिले पैसे. शिक्षकाच्या मनात शिकायची, जग पाहायची जी खरी हौस असते तिच्यावर हे लोक धंदा करतात, मला याचा फार राग येते. साधी खूण सांगते: चांगला कार्यक्रम तुमच्याकडून पैसे मागत नाही, तुमच्या वर्गाबद्दल विचारते. कोणी नुसतं शुल्क विचारलं आणि वर्गाबद्दल एक प्रश्न नाही विचारला, तं नंबर ब्लॉक करा.

तयारी आतापासून करायची असेल तं पासपोर्ट काढून ठेवा, जायचं ठरलं नसलं तरी. पदवी आणि बी.एड.च्या मार्कशीटची झेरॉक्स, नोकरीचे आदेश, एका फाइलमध्ये. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते पाहा, लग्नानंतर नाव बदललेल्या बायांनी तं नक्कीच, आधार, पदवी आणि पासपोर्टवर तीन वेगळी नावं निघाली की महिने जातात. आणि एक वही करा, वर्गात काय करून पाहिलं आणि काय झालं, तारीख टाकून दोन ओळी रोज, निबंध लिहायच्या वेळी तीच कामाला येते. केळापूर, राळेगाव, वणी, झरी या भागातल्या कोणाला निबंधाचा कच्चा मसुदा दाखवायचा असेल तं शिक्षण परिषदेच्या दिवशी घेऊन या, दुपारच्या सुट्टीत बसून वाचू.